नवागामच्या मराठी घरातील फोन : आवाज आणि अक्षर

‘माहिती आणि संप्रेषण तंत्रज्ञान’ हे शब्द उच्चारले की संगणकांची प्रयोगशाळा, मोठी कार्यालये, उपग्रह असे काहीतरी डोळ्यांपुढे येते. मी राहते त्या वस्तीत मात्र या साऱ्याला एकच नाव आहे, मोबाइल. सुरत शहरात डिंडोलीला लागून असलेल्या नवागाममध्ये धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांतून आलेली असंख्य कुटुंबे राहतात. बहुतेकांची रोजीरोटी लूम, मिल आणि कापडबाजार यांच्यावर आहे. आमच्या गल्लीत सकाळी घराघरांतून अहिराणी ऐकू येते, किराणा दुकानात गुजराती, रिक्षात हिंदी. वस्तीच्या नावातही ही सरमिसळ आहे. गुजरातीतले ‘गाम’ म्हणजे आपले ‘गाव’, पण आम्ही मराठीत लिहितानाही ‘नवागाम’च लिहितो.

या वस्तीत माझे आयुष्य गेले. महाविद्यालयात साहित्य शिकवताना आणि घरी शेजाऱ्यांची कागदपत्रे वाचून देताना गेल्या काही वर्षांत एक गोष्ट मला सतत जाणवते. फोनमुळे आमच्या लोकांची बोली टिकली, एवढेच नव्हे तर तिला नवे बळ मिळाले. त्याच फोनमुळे आमच्या मुलांच्या हातून मराठी अक्षर मात्र सुटत चालले आहे. हे कसे घडते आणि शिक्षक व लेखक म्हणून आपल्याला काय करता येईल, याचा विचार या लेखात करायचा आहे.

आंतरदेशीय पत्रापासून व्हिडिओ कॉलपर्यंत

खानदेशातून सुरतेला येण्याचा मार्ग जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ताप्ती खोऱ्यातून रेल्वे सुरू झाली आणि अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर, व्यारा, बारडोली ही गावे सुरतेशी जोडली गेली. माझे वडील याच गाडीने अमळनेर तालुक्यातून आले आणि मिलमध्ये लागले. माणसे गाडीने येत आणि त्यांची खबर टपालाने जाई. मनीऑर्डर आणि आंतरदेशीय पत्र ही त्या काळची आमची ‘संप्रेषण यंत्रणा’.

वडिलांना सही करता येत असे, पत्र लिहिता येत नसे. मी चौथीत गेले तेव्हापासून आमच्याच नव्हे तर आजूबाजूच्या पाच-सहा घरांची पत्रे मी लिहू लागले. सांगणारा अहिराणीत सांगे आणि मी ‘तीर्थरूप आबांचे चरणी शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष’ अशी सुरुवात करून त्याचे मराठी करी. ‘पानी पडनं का?’ हे ‘इकडील सर्व क्षेम, तिकडे पाऊसपाणी कसे आहे ते कळवावे’ असे होई. बोलीतून प्रमाणभाषेत जाण्याचे पहिले शिक्षण मला शाळेने नव्हे, या पत्रांनी दिले.

पुढे कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडी बूथ आले. रात्री दर उतरले की तिथे रांग लागायची. गावात ज्याच्या घरी फोन असेल त्याला आधी निरोप द्यायचा, मग दहा मिनिटांनी पुन्हा फोन करायचा, तोवर माणूस धावत आलेला असायचा. यंत्रावरचे लाल आकडे पाहत जेमतेम कामापुरते बोलणे होई. मोबाइल आला तेव्हा सुरुवातीला येणाऱ्या फोनचेही पैसे पडत. २००३ साली येणारा फोन मोफत झाला आणि मजुराच्या खिशात मोबाइल शिरला. तरीही दोन राज्यांची दूरसंचार मंडळे वेगळी असल्यामुळे गाडी नवापूरच्या हद्दीत आली की ‘रोमिंग’ सुरू होई आणि डब्यातले लोक फोन बंद करून ठेवत. नवापूर स्थानकातूनच महाराष्ट्र आणि गुजरात यांची सीमा जाते. प्रवाशाला ती रेषा दिसत नसे, पण फोनला बरोबर कळे.

२०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले आणि चित्र पालटले. आज शेजारच्या वहिनी भाकरी थापता थापता फोन डब्याला टेकवून ठेवतात आणि समोर पडद्यावर शिरपूरजवळच्या गावातली त्यांची माय अंगणात बसलेली असते. त्या दोघी फारसे काही बोलतही नाहीत. घरात दोघी एकत्र असाव्यात तशा असतात. चार महिन्यांनी एक पत्र लिहिणाऱ्या पिढीला हे स्वप्नातही सुचले नसते.

सरकारी दफ्तर आणि नावातले एक अक्षर

गप्पांइतकाच फोनचा दुसरा उपयोग कागदपत्रांसाठी होतो. देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या गावी दिले गेले. म्हणजे या साऱ्या व्यवस्थेचा प्रारंभच आमच्या खानदेशातून झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये शिधापत्रिका एका राज्याची असली तरी दुसऱ्या राज्यात धान्य मिळावे ही योजना पहिल्यांदा ज्या राज्यांच्या जोड्यांत सुरू झाली, त्यांतली एक जोडी गुजरात आणि महाराष्ट्र ही होती. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा ठेवला की ते यंत्र मध्यवर्ती नोंदीशी ठसा जुळवते आणि गावच्या कार्डावरचे धान्य सुरतेत मिळू शकते. हंगामापुरते येणाऱ्या कुटुंबासाठी ही मोठीच सोय आहे.

गावी शेत असलेल्यांना सातबारा लागतो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात, ज्यात जमीन कोणाची आणि तिच्यावर हक्क कोणाचे हे लिहिलेले असते, आणि गाव नमुना बारा, ज्यात पिकांची नोंद असते. पूर्वी या उताऱ्यासाठी खाडा करून तलाठ्याकडे जावे लागे. आता डिजिटल सही असलेला उतारा फोनवर मिळतो. २०२१ पासून महाराष्ट्रभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः फोनवरून पीक नोंदवतो. मात्र त्यासाठी शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो. म्हणून सुरतेतला भाऊ गावातल्या भावाला फोन करतो, ‘बांधावर जा आणि फोटो काढ.’

इथे भाषेचा प्रश्न आडवा येतो. संगणकाला माणूस ओळखता येत नाही, तो अक्षरामागून अक्षर ताडून पाहतो. आमच्या लोकांची नावे तीन लिप्यांतून प्रवास करतात. सातबारा देवनागरीत असतो, मुलांचे शाळेचे दाखले अनेकदा गुजरातीत, आणि बँकेचे खाते इंग्रजीत. ‘माळी’ हे आडनाव गुजरातीत नीट लिहिता येते, कारण त्या लिपीतही ळ आहे. पण इंग्रजीत ळ आणि ल यांना एकच अक्षर मिळते, आणि यंत्राने ते इंग्रजीवरून परत देवनागरीत आणले की ‘माळी’चा ‘माली’ होतो. मग दोन कागद जुळत नाहीत आणि वारसाची नोंद किंवा शिष्यवृत्ती अडते. माझ्याकडे येणाऱ्या दहा अडचणींपैकी तीन-चार अशा एका अक्षराच्या असतात. शुद्धलेखन हा केवळ पंडितांचा हट्ट आहे असे मानणाऱ्या विद्यार्थ्यांना मी हेच उदाहरण देते.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. बँकेचा व्यवहार पक्का करणारा गुप्त अंक फोनवर येतो आणि त्याबरोबर ‘हा अंक कोणालाही सांगू नका’ अशी सूचना असते. आमच्या गल्लीत ती बहुधा इंग्रजीत येते. ज्या आजींना ती वाचता येत नाही, त्या गोड बोलणाऱ्या अनोळखी माणसाला अंक सांगून मोकळ्या होतात. न समजणाऱ्या भाषेतली सूचना त्यांच्या दृष्टीने दिलेलीच नसते.

यंत्रात मराठी अक्षर कसे बसले

‘फोनवर मराठी लिहिता येत नाही’ असे अनेक विद्यार्थी मला सांगतात. हे खरे नाही, पण एके काळी ते बरेचसे खरे होते, म्हणून थोडा इतिहास सांगते.

संगणक अक्षरे साठवत नाही, अंक साठवतो. कोणत्या अक्षराला कोणता अंक, हे ठरलेले असावे लागते. आरंभी ही व्यवस्था इंग्रजीपुरती होती. मराठी छपाईसाठी जे फाँट वापरले जात, त्यांतले बरेचसे इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचे चित्र बसवत. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेला लेख दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हांची रांग दिसे. जुन्या अंकांच्या संपादकांनी हा त्रास भोगला आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ मध्ये ‘इस्की’ हे भारतीय मानक आले. त्याच सुमारास जगातल्या सर्व लिप्यांसाठी ‘युनिकोड’ ही संहिता तयार झाली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक वर्णाला स्वतःचा क्रमांक आहे, उदाहरणार्थ क चा ०९१५. हा क्रमांक जगात सगळीकडे तोच असल्यामुळे नवागाममध्ये लिहिलेला क न्यू जर्सीतही क म्हणूनच उमटतो.

मराठीच्या काही खास गरजा होत्या. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आले. त्याआधी ‘ॲप’ लिहायला आडवाटा शोधाव्या लागत. दुसरी गरज अर्ध्या र ची. ‘आचार्यास’ म्हणजे गुरूला आणि ‘आचाऱ्यास’ म्हणजे स्वयंपाक्याला. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. हा दुसरा र लिहायचा तर नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग पुढचे अक्षर असा क्रम घ्यावा लागतो. अहिराणीला तर तो पावलोपावली लागतो, कारण ‘काय करी ऱ्हायना?’ या रोजच्या प्रश्नातच तो आहे. ही एक युक्ती शिकवली की ‘मला आमची भाषा लिहिता येत नाही’ म्हणणारा विद्यार्थी खुलतो, असा माझा अनुभव आहे.

संगणकावरच्या ‘इन्स्क्रिप्ट’ कळफलकाविषयीही सांगायला हवे. त्यात डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने अशी मांडणी असते, आणि ती सर्व भारतीय लिप्यांसाठी सारखीच ठेवलेली आहे. मराठीचा क ज्या कळीवर, गुजरातीचा क त्याच कळीवर. गुजरातेतल्या मराठी मुलाने तो एकदा शिकला की त्याला दोन्ही लिप्या एकाच सरावात येतात. नोकरी शोधणाऱ्या पदवीधराला याचा उपयोग किती, हे वेगळे सांगायला नको.

सोय झाली, सवय झाली नाही. माझे विद्यार्थी फोनवर मराठी किंवा अहिराणी लिहितात ते बहुतेक इंग्रजी अक्षरांत. त्यात न आणि ण, ल आणि ळ, त आणि ट यांचा भेद राहत नाही. वाचणारा संदर्भाने समजून घेतो, म्हणून लिहिणाऱ्याला चूक कळतच नाही. सुरत महानगरपालिकेची नगर प्राथमिक शिक्षण समिती मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, तिथून शिकलेल्या मुलांना देवनागरी येते. पण गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात गेलेल्या मुलांचा मराठी अक्षराशी रोजचा संबंध फक्त फोनवरच येऊ शकतो, आणि तिथेही तो येत नाही.

आवाजाचे दिवस

लिहिण्याऐवजी आता लोक बोलून पाठवतात. व्हॉट्सॲपवर २०१३ पासून आवाजी संदेशाची सोय आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांना या सोयीने स्वतःचा निरोप स्वतः पाठवण्याचा अधिकार दिला, हे मी मनापासून मान्य करते. माझ्या लहानपणी लोकांना मनातले गुज माझ्यासारख्या दहा वर्षांच्या मुलीला सांगावे लागे. कित्येक गोष्टी त्यांनी संकोचाने सांगितल्याच नसतील. आज गावाकडची सासुरवाशीण रात्री माळ्यावर जाऊन बहिणीला आपल्या बोलीत मन मोकळे करू शकते. यूट्यूबवर अहिराणी गाणी आणि विनोदी प्रसंग यांचा पाऊस पडतो आहे. एके काळी शहरात अहिराणी बोलायला लाजणारी मुले ती गाणी हळदीच्या मांडवात मोठ्याने वाजवतात.

पण आवाजाची एक मर्यादा मला फार महागात कळली. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते. नवागाममध्येही त्या रात्री गल्लोगल्ली रोट आणि गाणी असतात. गावाकडच्या माझ्या आत्याला कानबाईची आणि जात्यावरची पुष्कळ गाणी पाठ होती. ती सुरतेला येऊ शकत नसे, म्हणून दोन वर्षे ती मला आवाजी संदेशांतून गाणी पाठवत राहिली. चाळीसच्या आसपास असतील. ‘सुट्टीत सावकाश उतरवून घेऊ’ असे म्हणत मी सहा गाणी वहीत लिहिली, बाकीची राहिली. एका पावसाळ्यात फोन पाण्यात पडला. संदेशांची दुसरी प्रत मी ठेवली नव्हती. आत्याच्या फोनमधली जागा भरली म्हणून तिच्या नातवाने जुने संदेश केव्हाच पुसले होते. पुढच्या वर्षी आत्या गेली. आज माझ्याजवळ सहा गाणी आहेत.

अशा वेळी बहिणाबाई चौधरींची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात आणि घरात काम करताना त्या गाणी रचत, आणि त्यांचे पुत्र सोपानदेव व एका नातलगाने त्यातली काही लिहून ठेवली होती. १९५१ च्या डिसेंबरमध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये, आचार्य अत्रे यांच्या आग्रहामुळे, ती गाणी पुस्तकरूपाने आली. त्या घरात ध्वनिमुद्रणाचे यंत्र नव्हते, एक वही होती. माझ्या हातात यंत्र होते आणि मी वही उघडली नाही.

हा प्रश्न केवळ आठवणींचा नाही. फोनवर बोलून लिहिण्याची सोय मराठीत २०१७ पासून मिळते. मी प्रमाण मराठीत बोलले की माझा फोन बऱ्यापैकी लिहितो. अहिराणीत बोलले की भलतेच काहीतरी उमटते. याचे कारण समजून घ्यायला हवे. यंत्र बोली शिकते ते पुष्कळ मुद्रित आवाज आणि त्याच शब्दांचे लिहिलेले रूप एकमेकांशेजारी ठेवून. २०११ च्या जनगणनेत खानदेशी या नावाखाली सुमारे १८ लाख ६० हजार भाषकांची नोंद आहे, आणि आमच्यासारखी ‘मराठी’ अशी नोंद करणारी घरे वेगळीच. अहिराणीचा आवाज आज अमाप मुद्रित झाला आहे, पण त्याचे लिहिलेले रूप फार थोडे आहे. म्हणजे यंत्राने आपली बोली शिकावी असे वाटत असेल तर आधी आपण ती लिहिली पाहिजे.

शिक्षकांनी आणि लेखकांनी काय करावे

फोन वाईट आहे, मुले बिघडली आहेत, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. त्यापेक्षा वर्गात सहज करता येतील अशा काही गोष्टी मी सुचवते. त्यांतल्या बऱ्याचशा मी करून पाहिल्या आहेत.

पहिली गोष्ट, वर्षाच्या पहिल्याच तासाला प्रत्येक विद्यार्थ्याच्या फोनवर मराठी कळफलक सुरू करून द्यावा. त्याला दहा मिनिटे लागतात. त्यानंतर शिक्षकाला पाठवायचा प्रत्येक संदेश, रजेचा अर्जसुद्धा, देवनागरीतच पाठवायचा असा नियम करावा. महिन्याभरात वेग येतो.

दुसरी गोष्ट, आवाज उतरवण्याचा गृहपाठ द्यावा. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा दोन मिनिटांचा आवाज, त्याची परवानगी घेऊन, मुद्रित करायचा आणि तो जसा आहे तसा, बोली न बदलता, लिहायचा. खाली गाव, तारीख आणि सांगणाऱ्याचे नाव. एक प्रत फोनमध्ये, एक दुसरीकडे आणि एक कागदावर. माझ्या वर्गातल्या एका मुलीने आजीकडून लोणच्याची कृती उतरवली, तेव्हा तिला माहीत नसलेले अकरा शब्द सापडले.

तिसरी गोष्ट, निबंधाबरोबर सातबाराही वर्गात वाचावा. ‘भोगवटादार’, ‘पोटखराबा’, ‘इतर हक्क’ हे शब्द ज्याला कळतात, त्याला घरात मान मिळतो आणि मराठी ही उपयोगाची भाषा आहे हे त्याला पटते.

चौथी गोष्ट, फोनमधले ग्रंथालय दाखवावे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, आज कोणालाही विनामूल्य पाहता येतो. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आणि मराठी विश्वकोशही तसेच. २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे, आणि त्यात आपण स्वतः लिहू शकतो. सुरतेसारख्या शहरात मराठी पुस्तकांची दुकाने शोधावी लागतात, तिथे ही सोय अनमोल आहे.

लेखकांनाही एक विनंती. आपण कथा-कवितेत बोली वापरतो तेव्हा ती निर्दोष देवनागरीत, युनिकोडमध्ये लिहून प्रसिद्ध करावी. उद्याचे यंत्र आणि उद्याचा वाचक दोघेही तिथूनच शिकणार आहेत.

गेल्या कानबाईला आमच्या गल्लीतल्या मुली माझ्याकडे फोन घेऊन बसल्या होत्या. आजी गात होती, एक मुलगी आवाज मुद्रित करत होती आणि दुसरी मांडीवर वही घेऊन लिहीत होती. मध्येच तिने विचारले, “मॅडम, ‘ऱ्हायनी’मधला तो अर्धा र वहीत कसा काढायचा?” मी तिला तो काढून दाखवला. त्या रात्री सात गाणी लिहून झाली.